डोळ्याला पाणी येतंय? आधी नाकाजवळचा कोपरा दाबून बघा

माझी आत्या चार वर्षं उजवा डोळा पदराने पुसत होती. विचारलं की म्हणायची, "वय झाला रे बाबा, पाणी येतलाच." आम्हीही तेच धरून चाललो. सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात पिवळट चिपडं साचलेली असायची. ती कोमट पाण्याने काढायची नि कामाला लागायची. मग एका जुलैत लावणीच्या वेळी भाताचं पातं त्याच डोळ्याला लागलं. एरवी अशी खरचट दोन-तीन दिवसांत भरून येते. तिची भरली नाही. बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला, तो वाढला, डोळ्यात पू झाला. महिनाभराच्या औषधाने जखम भरली, पण बुबुळावर फूल पडलं ते कायमचं. पातं निमित्त झालं. खरा रोग नाकाजवळच्या अश्रुपिशवीत होता. ती पिशवी चार वर्षं पुवाने भरलेली होती आणि तिथले जंतू रोज डोळ्यात उतरत होते.

पुढे मी डोळे तपासण्याच्याच कामात आलो. देवगड-मालवणकडच्या गावांतून तपासणीला बसलो की आत्याचा डोळा दर आठवड्याला एकदा तरी समोर येतो, वेगळ्या चेहऱ्यावर. म्हणून हे लिहितो आहे. गावात नव्याने काम सुरू केलेल्या आशा ताई, अंगणवाडी सेविका, आणि घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असलेले कोणीही हे वाचून पापणी आणि अश्रुनळीचे नेहमीचे विकार ओळखू शकतील. कुठला घरी बरा होतो, कुठला आठवड्याभरात दाखवायचा आणि कुठल्यासाठी त्याच दिवशी गाडी काढायची, एवढं कळलं तरी बरेच डोळे वाचतील.

आधी पाण्याची वाट समजून घ्या

अश्रू तयार करणारी ग्रंथी डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला असते. पापणी मिटली की ते पाणी डोळ्यावर पसरतं आणि आतल्या, म्हणजे नाकाकडच्या कोपऱ्याकडे ढकललं जातं. तिथे वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेवर एकेक बारीक छिद्र आहे. खालची पापणी आरशासमोर किंचित बाहेर ओढा, कोपऱ्यापासून पाच-सहा मिलिमीटरवर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसेल. त्यातून पाणी बारीक नळ्यांनी अश्रुपिशवीत जातं, पिशवीतून मोठ्या नळीने नाकात उतरतं. रडलं की नाक गळतं ते यामुळे. डोळ्यात औषध टाकल्यावर घशात कडू लागतं तेही यामुळेच.

आपल्याकडे पऱ्या, म्हणजे ओहोळ, तुंबला की पाणी अंगणात येतं. इथेही तसंच: वाट कुठेतरी अडली की पाणी गालावर येतं, आणि साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

पापणीच्या आत आणखी एक गोष्ट आहे. वरच्या पापणीत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० बारीक तेलग्रंथी उभ्या रांगेत असतात. त्यांचं तेल अश्रूंवर तवंगासारखं पसरतं, म्हणून अश्रू लगेच सुकत नाहीत. या ग्रंथी तुंबल्या की गाठी होतात, पापणीच्या कडा सुजतात आणि डोळा कोरडा पडतो. कोरड्या डोळ्याला चुरचुरतं, आणि चुरचुरलं की पाणी येतं. डोळ्याला पाणी येतंय म्हणून डोळा ओलाच असेल असं धरू नका.

पहिली पायरी: हात धुवा, उजेडात बसवा, विचारा

माणसाला पडवीत, दिवसाच्या उजेडात बसवा. साबणाने हात धुवा. मोबाइलचा टॉर्च चालेल, पण तो थेट बाहुलीवर रोखू नका, बाजूने धरा.

मग हे विचारा. पाणी एका डोळ्याला की दोन्ही? सारखं की फक्त वाऱ्यात आणि चुलीच्या धुरात? चिपडं येतात का, डोळा सकाळी चिकटतो का? खाज जास्त की दुखणं जास्त? दिसायला कमी झालंय का? कुठले ड्रॉप्स टाकले? (शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "काही नाही" असं येतं. थोडं थांबून, "मेडिकलमधून काही आणलं होतं का?" असं पुन्हा विचारा.)

दोन्ही डोळ्यांना पाणी आणि खूप खाज असेल तर बहुधा ॲलर्जी. धुरात, किंवा मोटरसायकलवर समोरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात दोन्ही डोळ्यांना पाणी येणं साहजिक आहे. पण एकाच डोळ्याला बारमाही पाणी येत असेल तर तिथे कारण शोधायचंच, वय कितीही असो.

दुसरी पायरी: कोपरा दाबून बघा

ही पायरी सगळ्यात सोपी, आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी. डोळ्याचा आतला कोपरा आणि नाकाचं हाड यांच्यामध्ये तर्जनीचं टोक ठेवा. हाडाच्या कडेला, किंचित खाली, हळू पण ठामपणे दाबा. दाबताना नजर त्या कोपऱ्यावर ठेवा. छिद्रातून पू, पांढुरकं चिकट पाणी किंवा बुळबुळीत स्राव वर आला तर अश्रुपिशवीत जंतू साठलेत आणि पुढची नळी बंद आहे. याला अश्रुपिशवीचा जुना दाह म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांत, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर तो जास्त दिसतो. बायकांत ही हाडातली नळी मुळात अरुंद असते हे त्याचं एक कारण.

एक पथ्य पाळा. त्या जागी आधीच लाल, गरम, ठणकणारी सूज असेल तर दाबू नका.

दाबून काही आलं नाही म्हणजे नळी उघडी असं मात्र नाही. खात्री रुग्णालयात होते. डोळा बधिर करणारे थेंब टाकतात, बोथट सुईने छिद्रातून मिठाचं निर्जंतुक पाणी सोडतात आणि विचारतात, "घशात खारट लागलं का?" लागलं तर वाट मोकळी. पाणी दुसऱ्या छिद्रातून उलटं आलं तर बंद. पाच मिनिटांचं काम, दुखत नाही. सुई बघून घाबरलेल्या आजीला हे आधी सांगून ठेवा.

मोतीबिंदूच्या शिबिरातून एखाद्याला "नळी बंद आहे, ऑपरेशन होणार नाही" म्हणून परत पाठवतात तेव्हा घरचे नाराज होतात. दिवस फुकट गेला, गाडीभाडं गेलं, हे खरंच. पण पिशवीत पू असताना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली तर ते जंतू डोळ्याच्या आत शिरू शकतात आणि डोळा एका रात्रीत जाऊ शकतो. परत पाठवणाऱ्याने त्या माणसाचा डोळा वाचवलेला असतो. आधी नळीचा उपचार, मग मोतीबिंदू, हा क्रम घरच्यांना समजावून सांगणं तुमच्या हातात आहे.

उपचार काय? मोठ्या माणसाची पूर्ण बंद नळी ड्रॉप्सने उघडत नाही. ड्रॉप्सनी चिपडं चार दिवस कमी होतात, थांबवले की परत येतात. असल्या बाटल्यांवर लोक वर्षानुवर्षं पैसे घालतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. पक्का इलाज शस्त्रक्रिया हाच. तिला डॉक्टर डीसीआर म्हणतात. पिशवी आणि नाक यांच्यामधलं थोडं हाड काढून पाण्याला नवी वाट करून देतात. नाकाच्या बाजूला लहानसा छेद घेऊन करतात, किंवा नाकातून दुर्बिणीने करतात. दुसऱ्या पद्धतीत चेहऱ्यावर व्रण राहत नाही. १० पैकी सुमारे ९ जणांना चांगला गुण येतो. नंतरचे काही दिवस नाक जोरात शिंकरायचं नाही, गरम काही प्यायचं नाही, थोडं रक्त आलं तर घाबरायचं नाही. फार वयस्कर किंवा इतर आजारांनी खचलेल्या माणसाची नुसती पिशवीच काढून टाकतात. पाणी गळणं त्याने थांबत नाही, पण पुवाचा धोका संपतो आणि मोतीबिंदूचा रस्ता मोकळा होतो.

कधी कधी हीच पिशवी एकदम चिघळते. कोपऱ्याखाली लाल, टरारलेली, ठणकणारी गाठ येते, ताप येतो, डोळा सुजतो. हे त्याच दिवशी दाखवायचं. गाठीत सुई खुपसायची नाही, दाबून पू काढायचा नाही. पोटातून प्रतिजैविकं लागतात. वेळेवर मिळाली नाहीत तर गाठ बाहेरून फुटते आणि गालावर कायमची गळणारी वाट पडते. सूज पूर्ण बसली की मग डीसीआर.

जून-जुलैत लावणी आणि ऑक्टोबरात कापणी, या दोन हंगामांत पातं किंवा लोंबी डोळ्याला लागणं ठरलेलं. ज्यांच्या कोपऱ्यातून दाबल्यावर पू येतो अशांची यादी तुम्ही मे महिन्यात करून त्यांना रुग्णालयात पाठवलंत, तर आत्यासारखे डोळे वाचतील. अशा माणसाच्या डोळ्याला काहीही लागलं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

एक विरळा प्रकार सांगून ठेवतो. नदीत बुडी मारून वाळू काढणारे, किंवा तळ्यात-डबक्यात नेहमी उतरणारे यांच्या डोळ्याच्या आत किंवा पिशवीच्या जागी गुलाबी-लाल, स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार गाठ येऊ शकते. हात लागला की तिच्यातून रक्त येतं, आणि नाकातूनही कधी रक्त येतं. दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडे हा आजार जास्त. ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते, म्हणून अशी गाठ दिसली की मोठ्या रुग्णालयात पाठवा.

तान्ह्या बाळाचा डोळा

जन्मानंतर काही दिवसांत बाळाच्या एका डोळ्यातून पाणी, सकाळी चिपडं, पापण्या चिकटलेल्या, पण डोळा आतून पांढरा स्वच्छ. हे फार घरांत दिसतं. नळीच्या नाकातल्या टोकावर एक पातळ पडदा असतो, तो जन्मापर्यंत उघडलेला नसतो. पहिल्या वाढदिवसापर्यंत १० पैकी ९ बाळांचा तो आपोआप उघडतो. आईला हे आधी सांगा, कारण तोवर कोणीतरी तिला "तू डोहाळ्यात असं काही खाल्लंस" असं ऐकवलेलं असतं. तिची काही चूक नाही.

मालिश शिकवा. नुसतं तोंडाने सांगून भागत नाही, आईचा हात धरून दाखवावं लागतं. नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले. बोटाचा मऊ भाग आतल्या कोपऱ्यावर, हाडाच्या कडेला टेकवायचा. बोट न उचलता, नखाचा गुलाबी रंग फिका होईल इतका दाब देऊन नाकाच्या बाजूने सरळ खाली एक सेंटिमीटरभर सरकवायचं. डोळ्याच्या गोळ्यावर दाब पडता कामा नये. असं ५ ते १० वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. दूध पाजायच्या वेळा धरल्या की विसरायला होत नाही. नुसतं गोल गोल चोळण्याचा उपयोग नाही. खाली ढकललेल्या दाबाने पडदा उघडतो. चिपडं उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापसाने पुसायची, प्रत्येक वेळी नवा बोळा.

वर्षभरात सुटलं नाही तर भुलीखाली बारीक सळईने नळी मोकळी करतात. लहान शस्त्रक्रिया आहे, बहुतेकांचं एकदाच करून भागतं. वर्षानंतर फार लांबवलं तर यश कमी होत जातं, म्हणून पहिला वाढदिवस झाला की तारीख घ्या.

काजळ घालू नका. घरच्या काजळात काजळी असते, विकतच्या काही प्रकारांत शिसं सापडलेलं आहे, आणि तेच बोट डोळ्याच्या कोपऱ्यात जंतू नेतं. आजीचा आग्रह मोडवत नसेल तर तीट पायाच्या तळव्याला लावा. डोळ्यात आईचं दूध, मध, एरंडेल यांतलं काहीही नको.

आता बाळाची घाई कधी करायची ते. पहिल्या महिन्यात दोन्ही पापण्या खूप सुजून भरपूर पू येत असेल तर त्याच दिवशी. कोपऱ्याखाली जन्मतःच निळसर फुगा असेल तरी त्याच दिवशी. असा फुगा कधी नाकात उतरलेला असतो, आणि तान्हं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. आणि पाण्याबरोबर बाळ उजेडाकडे डोळे उघडत नसेल, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. "मोठे डोळे, किती सुंदर" म्हणत घरात कौतुक चाललेलं मी पाहिलं आहे. अशा बाळाला मालिश करत बसू नका.

पापणीवरची गाठ: रांजणवाडी की दुसरं काही

रांजणवाडी लाल असते, दुखते, आणि केसाच्या मुळाशी किंवा पापणीच्या आतल्या बाजूला पिवळं तोंड धरते. त्वचेवरच्याच जंतूंमुळे होते. कोणाचं काही बघितल्याने होत नाही. लवंग उगाळून लावतात, खारकेची बी उगाळून लावतात, तळहातावर बोट घासून शेक देतात. या सगळ्यांत शेक तेवढा खरा उपयोगी. उगाळलेलं काहीही डोळ्यात गेलं तर बुबुळ भाजतं, म्हणून ते नको.

शेकाची पद्धत: स्वच्छ सुती कापड कोमट पाण्यात बुडवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूवर लावून बघा, सोसवलं तरच मिटलेल्या डोळ्यावर ठेवा. गार झालं की पुन्हा बुडवा. १० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. उकळत्या पाण्याची थेट वाफ घ्यायची नाही. तो पंचा घरात दुसऱ्याने वापरायचा नाही. फोडायची नाही, पिळायची नाही. डोळ्याभोवतीच्या शिरा मेंदूजवळच्या शिरांना जोडलेल्या आहेत आणि जंतू त्या वाटेने आत जाऊ शकतात. आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेक रांजणवाड्या बसतात. डॉक्टर कधी प्रतिजैविक मलम देतात. वरचेवर होत असतील तर रक्तातली साखर तपासा आणि पापणीच्या कडा नीट बघा.

दुसरी गाठ न दुखणारी. बाजरीच्या किंवा वाटाण्याच्या दाण्याएवढी, कडेपासून थोडी दूर, बोटाखाली घट्ट लागते. तुंबलेल्या तेलग्रंथीची ही गाठ. शेक आणि गाठीवरून कडेकडे हलकी मालिश महिनाभर केली तर बऱ्याच जिरतात. नाही जिरली तर जागा बधिर करून पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेऊन साफ करतात, बाहेर व्रण दिसत नाही.

पण पन्नाशीपुढच्या माणसाला त्याच जागी, काढल्यावरही पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, तिथले केस गळले असतील, कड झिजली असेल, तर ती तेलग्रंथीच्या कर्करोगाची असू शकते. पापणीचा हा कर्करोग गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा आपल्याकडे जास्त आढळतो. काढलेली गाठ तपासणीला पाठवलीच पाहिजे. "साधी गाठ आहे" म्हणून दोनदा काढली आणि तिसऱ्यांदा आली, असं ऐकलं की तुम्ही स्वतः सोबत जा.

कोंडा, खाज आणि चिकटलेल्या कडा

पापणीच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे, कडा लाल, सकाळी चुरचुर. हा कडांचा जुना दाह. हा पूर्ण जात नाही, ताब्यात ठेवावा लागतो, दात घासण्यासारखा रोजचा नेम लागतो. आधी पाच मिनिटं शेक, मग मिटलेल्या पापणीवरून कडेकडे हलकी मालिश, मग लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब कपभर उकळलेल्या कोमट पाण्यात टाकून त्यात भिजवलेल्या कापसाने केसांची मुळं पुसायची. शेवटी साध्या पाण्याने. सुरुवातीला दिवसातून दोनदा, बरं वाटलं की एकदा. डोक्यात कोंडा असेल तर त्याचाही इलाज करा. शाळकरी मुलांत कधी पापणीच्या मुळाशी लिखा असतात. उवांचं औषध डोळ्याजवळ अजिबात लावू नका, रुग्णालयात चिमट्याने काढतात.

आंबा, काजू आणि सुजलेली पापणी

मार्चपासून मे अखेरपर्यंत हा आपला खास प्रकार. आंबा उतरवताना देठातून उडणारा चीक, ओल्या काजूच्या बीच्या सालीतलं तेल, आणि बिब्बा, हे तिन्ही त्वचा जाळतात. हातांची कातडी जाड, तिथे काही जाणवत नाही. त्याच हाताने घाम पुसला की पापणी उतते, कारण पापणीची त्वचा अंगावरची सगळ्यात पातळ. दुसऱ्या दिवशी डोळा उघडत नाही इतकी सूज, खाज, बारीक फोड.

लागल्याबरोबर साबणाने हात आणि भरपूर पाण्याने चेहरा धुवा. डोळ्यात गेलं असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि दाखवा. नुसती पापणीच सुजली असेल तर गार पाण्याच्या घड्या आणि डॉक्टरांनी दिलेली खाजेची गोळी पुरते. बागेत जाताना कमरेला एक कोरडा रुमाल फक्त चेहऱ्यासाठी ठेवा. काजू फोडणाऱ्या बायका हातांना खोबरेल किंवा राख लावतात, ती सवय चांगली. त्याबरोबर डोळ्याला मनगटाच्या मागच्या बाजूनेही हात लावायचा नाही, एवढं पाळलं तर निम्मा त्रास वाचेल.

गांधीलमाशी चावल्यावरही पापणी अशीच फुगते. गार घड्या द्या. तोंड, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर मात्र लगेच १०८.

पापणी आत वळली, बाहेर पडली, खाली आली

म्हातारपणी खालची पापणी सैल होते. ती आत वळली तर केस बुबुळावर घासतात. टॉर्च बाजूने धरला की स्पष्ट दिसतं. चिमट्याने केस उपटून चार-सहा आठवडे बरं वाटतं, मग आखूड, टोकदार केस उगवतो आणि आणखी टोचतो. शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत खालच्या पापणीच्या त्वचेवर कागदी चिकटपट्टी लावून ती गालाकडे ओढून ठेवा. जुन्या खुपऱ्यांमुळेही (ट्रॅकोमा) केस आत वळतात. खुपऱ्या आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिलेल्या नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली भारताबद्दल जाहीर केलं, पण पूर्वी त्या झालेली म्हातारी माणसं अजून आहेत.

पापणी बाहेर पडली तर छिद्र डोळ्यापासून सुटतं आणि पाणी गालावर येतं. पदराने खाली ओढून पुसत राहिलं की ती आणखी सैल होते. पुसायचं ते वर आणि नाकाच्या दिशेने, टिपून घेतल्यासारखं.

डोळा मिटतच नसेल, तोंड एका बाजूला वाकडं झालं असेल, तर पहिल्या ७२ तासांत डॉक्टरांकडे पोचणं महत्त्वाचं, औषधाचा गुण त्या वेळेत जास्त येतो. हातापायातही अशक्तपणा असेल किंवा बोलणं अडखळत असेल तर तो पक्षाघात समजून लगेच निघा. अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याचं औषध सरकारी केंद्रात मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो.

बाळाची पापणी जन्मतः खाली असेल आणि बाहुली झाकली जात असेल तर नजर वाढतच नाही, म्हणून "मोठं झाल्यावर बघू" नको. मोठ्या माणसाची पापणी अचानक उतरली, एकाचे दोन दिसू लागले, डोकं असह्य दुखलं तर मेंदूकडची तपासणी तातडीने हवी.

आणि हे नीट लक्षात ठेवा. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो, घशाशी आवळल्यासारखं वाटतं, आणि पापण्या उचलत नाहीत, झोप न झाल्यासारखा दिसतो. अशा वेळी मण्यार चावली असण्याचा विचार पहिला करा. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, खूण कधी दिसतही नाही. दोन्ही पापण्या जड होणं ही विष चढल्याची सुरुवातीची खूण आहे, पुढे श्वासाचे स्नायू बंद पडतात. बांधायचं नाही, कापायचं नाही, देवस्कीला, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. १०८ ला फोन करा, माणसाला एका कुशीवर निजवा, आणि प्रतिसर्पविष व श्वासाचं यंत्र असलेल्या रुग्णालयाकडे न्या. पावसाळ्यात ही एक ओळ प्रत्येक घरी सांगा.

डोळा नुसता लवत असेल, म्हणजे पापणी फडफडत असेल, तर जागरण, चहा आणि थकवा कमी करा. दोन-चार आठवड्यांत जातं.

त्याच दिवशी निघायचं ते कधी

पापणीची सूज आणि ताप असेल, आणि त्याबरोबर डोळा पुढे आल्यासारखा वाटत असेल, हलवताना दुखत असेल किंवा कमी दिसत असेल. बुबुळावर पांढरा ठिपका आला असेल. डोळ्यात रसायन, चुना, चीक गेला असेल. यात रात्र काढू नका.

मेडिकलमध्ये "लाल डोळ्याचे ड्रॉप्स" मागितले की जे मिळतात त्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं आहे का बघा. लाली एका दिवसात जाते, म्हणून माणसं त्यावर विश्वास ठेवतात. पातं लागून बुरशीची जखम झालेली असेल तर तेच औषध ती भराभर पसरवतं, आणि महिनोन्‌महिने टाकलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते घरात नको. उघडलेली कुठलीही बाटली महिन्याने फेकून द्या, उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा.

ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, पण रोज नसतात. कुठल्या वारी बसतात ते विचारून ठेवा. शस्त्रक्रियेसाठी अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथली जिल्हा रुग्णालयं आहेत, सावंतवाडी-दोडामार्गकडचे लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, पापणी उतरलेलं मूल त्यांच्या नजरेला आणून द्या.

पाठवताना माणसाबरोबर सगळ्या बाटल्या द्या, रिकाम्याही. साखरेचा आणि रक्तदाबाचा शेवटचा आकडा कागदावर लिहा. गाठ किंवा सूज कमी-जास्त होत असेल तर ती जास्त असेल तेव्हा उजेडात फोटो काढून ठेवा. आणि चिठ्ठीवर "कोपरा दाबल्यावर पू येतो" किंवा "येत नाही", आणि उजवा की डावा, हे स्वच्छ अक्षरात लिहा. तपासणीला जायच्या दिवशी सकाळी मात्र तो कोपरा दाबू नका, म्हणजे तिथे काय साठतं ते डॉक्टरांनाही दिसेल.